ठेक्याचा हिशोब



नृत्यावर व्याख्यान म्हटलं की श्रोते भाव, रस, मुद्रा यांची अपेक्षा धरून येतात. आज त्यातलं फारसं काही माझ्याकडून मिळणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. मी बोलणार आहे घोट्यांबद्दल, नडग्यांबद्दल, गुडघ्याच्या वाट्यांबद्दल. वाढत्या वयात नाचणाऱ्या मुलामुलींना होणाऱ्या दुखापती आणि त्या का होतात, हा आजचा विषय आहे. आपल्याकडे हा विषय निघालाच तर दोन वाक्यांत संपतो. ‘पाय मुरगळला, नशीब तिचं’ हे एक. ‘नाचायचं म्हणजे दुखणारच’ हे दुसरं. पहिल्या वाक्यात दुखापत अपघात ठरते, दुसऱ्यात साधना. आणि गंमत बघा, दोन्ही वाक्यं काम एकच करतात. याला जबाबदार कोण, हा प्रश्न ती उठूच देत नाहीत. माझं म्हणणं असं आहे की यातल्या बहुतेक दुखापती हिशोब चुकल्यामुळे होतात. शरीर आज किती भार पेलू शकतं आणि आपण त्याच्यावर आज किती भार टाकतो, या दोन रकमांचा मेळ बसत नाही, तिथे दुखापत होते. हा हिशोब त्या मुलीच्या हातात नसतो. तो मांडणारे आपण असतो: गुरू, शाळा, आयोजक, आई-वडील आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षक.

पहिला प्रश्न, दुखापत म्हणजे नेमकं काय? आपल्या डोळ्यांसमोर येतं ते पडणं. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीच्या थरांमध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना बंदी केली, थरांच्या उंचीलाही मर्यादा घातली. पुढे वयाची अट चौदा वर्षांवर आली, त्यावरून वादही झाले. पण लहान मूल सहाव्या थरावरून कोसळलं तर ते सगळ्यांना दिसतं, म्हणून निदान चर्चा तरी होते. नाचणाऱ्या मुलीची दुखापत अशी कोसळत नाही, ती साचत जाते. ब्रिटनमधल्या नामवंत बॅले शाळांतल्या २६६ विद्यार्थ्यांची वर्षभर नोंद ठेवली गेली आणि तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ३७८ दुखापती झाल्या. शंभरातल्या ७६ विद्यार्थ्यांना किमान एक दुखापत झाली होती. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. या दुखापतींपैकी ७२ टक्के अतिवापराच्या होत्या. म्हणजे पडून, आपटून, मुरगळून झालेल्या दुखापतींचा वाटा उरलेल्या साधारण पाव हिश्श्याइतकाच. बाकीच्या तोच पाय त्याच जागी हजारदा आपटून झालेल्या. त्या शाळांमध्ये लाकडी फरशी आहे, डॉक्टर आहेत, नोंदवही आहे. आपल्याकडे यातलं काय आहे, याचं उत्तर मनातल्या मनात द्या.

या साचत जाणाऱ्या दुखापतीचा शोध मात्र कुठल्या नृत्यशाळेत लागला नाही, तो लष्करात लागला. मुदखेडकरांना हे पटकन पटेल. आपल्या गावाशेजारी केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, आणि कवायत करणारे रंगरूट आपल्याला नवे नाहीत. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने लिहून ठेवलं की लांब कूच केल्यानंतर सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, पण मार लागल्याची खूण कुठे दिसत नाही. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चाळीस वर्षं होती. पुढे क्ष-किरणांनी दाखवलं की त्या पावलांतल्या हाडांना केसाएवढ्या भेगा पडलेल्या असतात. कोणी लाथ मारली नाही, कोणी पडलं नाही, आणि तरी हाड तडकलं. कशाने? तर मोजून न टाकलेल्या पावलांनी. तेव्हापासून जगभरच्या लष्करांना एक धडा घोकावा लागला आहे: नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात वीस किलोमीटर पळवायचं नाही, भार पायरीपायरीने चढवायचा. माझा साधा प्रश्न आहे. अठरा-वीस वर्षांच्या धडधाकट जवानासाठी जी पायरी लागते, ती बारा वर्षांच्या मुलीसाठी नको?

आता दुसरा मुद्दा, हिशोबाचाच. कथकचा तत्कार घेऊ. त्रितालाच्या सोळा मात्रा, मात्रेला एक पदाघात. लय अशी धरा की एका सेकंदाला एक मात्रा पडते. ठायीत सोळा सेकंदांत सोळा पदाघात झाले. दुगुनीत बत्तीस आणि चौगुनीत चौसष्ट. म्हणजे चौगुनीत मिनिटाला २४०. दहा मिनिटं तत्कार केला तर २,४०० आघात, एकेका पायाच्या वाट्याला १,२००. पायात सुती दोरीत ओवलेली शंभर-दोनशे पितळी घुंगरं बांधलेली असतात. घुंगरू नुसतं वाजत नाही, ते प्रत्येक वेळी पायाबरोबर उचलावं लागतं, हे आपण विसरतो. लावणीतला ढोलकीच्या तोडीला दिलेला ठेका याहून जड, भरतनाट्यममधली अरमंडी गुडघ्यावर याहून दीर्घ भार टाकणारी. आणि खाली काय असतं? शहाबादी फरशी, नाहीतर शाळेच्या पटांगणातलं सिमेंटचं स्टेज, वर पातळ सतरंजी, जी धक्का शोषत तर नाहीच, वर पायाखालून सरकते. उडी मारून उतरताना पायावर अंगाच्या वजनाच्या तिप्पट-चौपट भार येतो. लाकडी तक्तपोशी त्यातला थोडा आपल्या अंगावर घेते, मातीही घेते. फरशी काहीच घेत नाही, सगळं परत पाठवते. कुठे? टाचेत, नडगीत, गुडघ्यात, कमरेत.

तरीही नुसत्या आघातांनी हाड मोडत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर उद्यापासून कोणी मुलीला नाचू देणार नाही. हाड जिवंत असतं. भार पडला की ते आपली डागडुजी करतं आणि आधीपेक्षा मजबूत होतं. फक्त त्याची काम करायची पद्धत गवंड्यासारखी आहे. पोपडे आलेल्या भिंतीला नवा गिलावा करायचा तर गवंडी आधी जुना खरवडून काढतो. हाडही आधी थकलेला भाग खरवडतं आणि मग भरतं. खरवडायला साधारण तीन आठवडे लागतात, भरायला तीन महिने. मधल्या काळात भिंत उघडी असते. आता आपल्या शाळांचं स्नेहसंमेलन आठवा. वर्षभर मुलगी आठवड्याला तीन तास नाचते. दिवाळीची सुट्टी संपते, डिसेंबरचा मुहूर्त ठरतो, आणि रोज तीन तासांचा सराव सुरू होतो. आठवड्याचे तीन तास एकदम अठरा झाले. सहापट. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे भिंत सर्वांत उघडी असताना, आपण रंगीत तालीम लावतो. नडगी दुखायला लागते ती नेमकी तेव्हाच. मग आपण म्हणतो, ‘ऐन वेळी दुखणं काढलं पोरीने.’ तिने काढलेलं नसतं. आपण ते महिनाभर आधी पेरलेलं असतं.

तिसरा मुद्दा वयाचा. मुलींची उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारण अकरा ते तेराच्या दरम्यान, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि शिरा मागे राहतात. काल वाकणारी मुलगी आज ताठर वाटते, काल साधलेला तोल आज जातो, आणि बाई ओरडतात, ‘लक्ष कुठं आहे तुझं?’ लक्ष जागेवरच असतं, जागेवर नसतात ते पाय. ते तीन महिन्यांत लांब झालेले असतात. हाडांच्या टोकांना याच वयात वाढीच्या कूर्चेची पट्टी असते आणि ती पक्क्या हाडापेक्षा नाजूक असते. मांडीचा ताणलेला स्नायू गुडघ्याखालच्या उंचवट्याला ओढत राहतो, तिथे दुखरी गाठ येते. अमेरिकेतल्या ऑसगूड आणि स्वित्झर्लंडमधल्या श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली हे दुखणं स्वतंत्रपणे नोंदवलं. म्हणजे या ज्ञानाला शंभराहून अधिक वर्षं झाली. टाचेमागची धोंडशीर टाचेच्या वाढत्या हाडाला ओढते, तेव्हा हीच कथा टाचेत घडते.

आता या वयावर आपली व्यवस्था काय लादते ते पाहा. शास्त्रीय कलांच्या परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात दहावीला वाढीव गुण मिळतात. कलेला गुणपत्रिकेत जागा मिळाली, याचा आनंदच आहे. पण त्याचा एक उपपरिणाम झाला. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या पायऱ्या दहावीच्या आत चढायच्या, अशी घाई घराघरांत शिरली. परीक्षेची सगळी पळापळ नेमकी त्या वर्षांत येऊन पडली जी शरीराची सर्वांत कच्ची वर्षं आहेत. दुसरीकडे १९९६ मध्ये ‘बूगी वूगी’ दूरचित्रवाणीवर आलं आणि त्यानंतरच्या स्पर्धांनी नृत्यात कोलांटउड्या, उचलाउचली, पाठीच्या कमानी आणल्या. कसरत वाईट नसते. पण मल्लखांबाचा वस्ताद पोराला पहिल्या दिवशी खांबावर उलटा टांगत नाही, आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाहून बसवलेल्या नाचाला वस्तादच नसतो. तरुण खेळाडूंवरच्या एका मोठ्या अभ्यासात दिसून आलं की आठवड्याचे सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त झाले की अतिवापराच्या गंभीर दुखापती वाढतात. हा अभ्यास खेळांवरचा आहे, तरी त्यातून निघणारं माप शिक्षकाच्या खिशात मावण्याएवढं सोपं आहे. बारा वर्षांची मुलगी, आठवड्याला बारा तास. पुढे जायचं तर फार विचाराने.

चौथा मुद्दा पोटाचा आहे, आणि तो मी मुद्दाम या सभागृहात मांडतो आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी होतं. तुमच्या समोरच्या रांगेतल्या निम्म्या मुली मोजा. रक्त कमी असलेली मुलगी लवकर थकते, आणि थकलेला पाय वाकडा पडतो. त्यात ‘लावणीला कंबर बारीक हवी’, ‘स्टेजवर जाड दिसतेस’ असे टोमणे. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी अर्धी भाकरी, संध्याकाळी तीन तास सराव. शरीराकडे इंधन कमी पडलं की ते आधी कुठे काटकसर करतं? मासिक पाळीत. हा शब्द इथे उच्चारायला संकोचाचं काही कारण नाही. पाळी लांबते, थांबते, आणि तिच्याबरोबर हाडाला मिळणारं संरक्षणही जातं. १९८६ साली व्यावसायिक बॅले करणाऱ्या ७५ नर्तकींचा अभ्यास झाला. त्यातल्या ६१ टक्के जणींचं कधी ना कधी हाड मोडलेलं होतं, त्यातले बहुतेक अस्थिभंग थकव्याचे होते, आणि ज्यांना पहिली पाळी जितकी उशिरा आली तितकं त्यांच्यात हे प्रमाण जास्त होतं. पाळी थांबली की आपल्याकडे ‘नाचते ना, म्हणून असेल’ म्हणून विषय सोडून दिला जातो. खरं म्हणजे घोट्याच्या सुजेपेक्षा ही धोक्याची घंटा मोठी आहे.

पाचवा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत अवघड: ‘दुखतंय’ हे म्हणायची मुभा कोणाला आहे? तमाशाचे फड दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्धपौर्णिमेपर्यंत गावोगाव फिरतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव रंगतो, तो आपण अभिमानाने पाहतो. फडातली किंवा संगीत बारीतली सतरा-अठरा वर्षांची मुलगी रात्री नाचते, पहाटे गाडीत झोपते, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी पुन्हा घुंगरं बांधते. नाचली नाही तर त्या दिवसाचा पैसा नाही, आणि तिच्या पायांवर घर चालतं. तिने कोणाला सांगायचं? २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पण चौदा वर्षं पूर्ण झाली की ते संरक्षणही संपतं. विठाबाई नारायणगावकरांची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. नऊ महिन्यांच्या गरोदर विठाबाई खेळ चालू असताना पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर आल्या, असं सांगितलं जातं. आपण ती गोष्ट गौरवाने सांगतो, आणि त्या बाईच्या जिद्दीपुढे मान झुकतेच. पण त्या गोष्टीत प्रेक्षक कुठे आहेत, असं आपण कधी विचारलं? पडद्यासमोर तिची वाट पाहत बसलेले ते आपणच होतो. राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेल्या या कलावतीची अखेर हलाखीत झाली, हा त्याच गोष्टीचा उत्तरार्ध आहे, आणि तो आपण गौरवाने सांगत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप जुन्या जाणकारांचा आहे. ‘आमच्या काळी दगडावर नाचत होते, काही झालं नाही.’ यात एक फसगत आहे. ज्यांचं काही झालं नाही तेच पुढे जाणकार झाले. ज्यांचा गुडघा गेला त्या मुली लग्न होऊन निघून गेल्या, शेतात गेल्या, आणि त्यांची नावं कुठल्याही इतिहासात आली नाहीत. वाचलेल्यांना विचारून बुडालेल्यांची संख्या कळत नाही. शिवाय जुनी परंपरा आपण समजतो तेवढी बेहिशोबी नव्हती. बैठकीच्या लावणीत कलावंत बसून भाव दाखवते. यमुनाबाई वाईकर त्या परंपरेतून आल्या, शंभरी ओलांडून जगल्या आणि २०१२ साली पद्मश्रीच्या मानकरी ठरल्या. किनवट-माहूर भागातल्या गोंडांची दंडार घ्या. मातीवर, घोळक्याने, लहानमोठे मिळून. दमलेला बाजूला होतो, दुसरा आत येतो, ढोल काही थांबत नाही. म्हणजे विश्रांती त्या नाचाच्या रचनेतच असते. आपण परंपरेतला ठेका घेतला, विसावा मात्र घ्यायचा विसरलो.

दुसरा आक्षेप साधनेचा आहे. कष्टाशिवाय कला येते का? नाही येत. पण दमणं आणि दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दमलेली पोटरी दोन्ही पायांना सारखी ठणकते आणि दोन दिवसांत मोकळी होते. दुखापत एका बाजूला असते, एका बोटाने दाखवता येते, रात्री जाग आणते, आणि सरावाने वाढत जाते. हा फरक शिकवणं हासुद्धा रियाजाचाच भाग आहे. तपश्चर्या करणाऱ्याला आपली इंद्रियं ओळखता यावी लागतात. मुकाट्याने सहन करायला शिकवणं म्हणजे नेमकी ती ओळख पुसून टाकणं.

तिसरा आक्षेप सर्वांत व्यवहारी. ‘साहेब, हे लंडनमध्ये ठीक आहे. आमच्याकडे फिजिओथेरपिस्ट कुठून आणायचा?’ प्रश्न रास्त आहे. पण मी सांगितलेल्या कारणांपैकी किती दूर करायला पैसा लागतो ते मोजू या. एक दोनशे पानी वही घ्या. त्यात प्रत्येक मुलीचे आठवड्याचे तास लिहा आणि ते एकदम वाढू देऊ नका. संमेलनाचा सराव दिवाळीनंतर न धरता पोळ्यानंतर थोडा थोडा सुरू करा. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खडूने उंची मोजा, आणि उंची झपाट्याने वाढत असेल त्या काळात उड्या कमी करा, हस्तमुद्रा-अभिनय वाढवा. सुरुवातीची दहा मिनिटं अंग मोकळं करायला द्या. फरशीऐवजी मातीचं अंगण चालेल तिथे मातीवर सराव घ्या. घुंगरं पहिल्या अर्ध्या तासात बांधू नका. घोटा सुजला तर चोळू नका. चोळण्याची आपली हौस मोठी आहे, पण ताज्या सुजेवर ती हौस महागात पडते. आठवडाभर एकाच जागी दुखत राहिलं तर नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय दूर नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळांमध्ये येतातच, त्यांच्यासमोर या मुलीही उभ्या करा. यात खर्च किती? वहीचा आणि खडूचा.

एक आक्षेप कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. हे सगळं ऐकून एखादा बाप घरी जाऊन म्हणेल, ‘बंद कर तुझं नाचणं.’ मुलीला घरात बसवायला आपल्याकडे कारणं आधीच पुष्कळ आहेत, त्यात हे एक वाढलं तर आजचं व्याख्यान वाया गेलं असं मी समजेन. न नाचणाऱ्या मुलीची हाडं काही जास्त मजबूत नसतात. भार पडल्याशिवाय हाड बळकट होत नाही, आणि हाडात भर घालायची संधी नेमकी याच वयात असते. तेव्हा बापाने मुलीचं नाचणं बंद करू नये, नाचणं मोजायला शिकावं. दुखापतीमुळे सुटलेलं नाचणं पुन्हा सुरू होणं फार अवघड असतं, हे त्यानेही लक्षात घ्यावं.

समारोप करतो. आपलं मुदखेड जंक्शन आहे. इथून मनमाड-सिकंदराबादच्या गाड्या जातात, आदिलाबादकडे फाटा जातो. रूळ पोलादाचा असतो, तरी रेल्वे त्याच्यावर आंधळा विश्वास ठेवत नाही. ट्रॅकमन उन्हातान्हात रूळ तपासत चालत जातो, कारण पोलादालाही थकवा येतो आणि भेग आधी आत पडते, बाहेर नंतर दिसते. गाडी घसरल्यावर चौकशी करण्यापेक्षा रोज चालत जाणं स्वस्त पडतं, हे रेल्वेला फार पूर्वी कळलं. उद्या संध्याकाळी सरावाला मुली जमतील तेव्हा तबला लागण्याआधी, घुंगरं बांधण्याआधी, शिक्षकांनी एकेकीला नावाने विचारावं, ‘कुठं दुखतंय का गं?’ आणि ‘हो’ म्हणणाऱ्या मुलीची त्या दिवशी नाचातली जागा जाणार नाही, हे सगळ्या वर्गासमोर आधी सांगावं. कारण जागा जाण्याची भीती असेल तोवर त्या प्रश्नाला खरं उत्तर मिळणार नाही, आणि खरं उत्तर मिळत नाही तोवर वहीतला कुठलाच हिशोब जुळणार नाही.